आयर्लंडचा मासा

"पाटीवर आईंचं नाव टाका ना हो," सपना म्हणाली.

सुयश आरशासमोर जाकिटाची बटणं लावत होता. पाटी कालच छापून आली होती. 'सुयश, जळगाव. आयर्लंडच्या पुराणकथांवरचे हस्तघडणीचे दागिने.' अक्षरं कशी झोकदार!

"आता? अकराला धुळ्यात पोहोचायचंय मला. आणि लिलाबाई नाव वाचलं की लोक पापड मागतील."

सपना हसली नाही. "निदान तिथं तोंडानं तरी सांगा."

"तू मला शिकवू नकोस. आणि हे काय, अंगठा परत पोळलास? एवढी वर्षं झाली, अजून भाकरी धड टाकता येईना तुला."

तिने अंगठा पदराखाली घेतला. ती धुळ्याच्या सत्काराला येणार नव्हतीच. परदेशी पाहुण्यांसमोर हिचं काय काम, हे सुयशने आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. आईला मात्र न्यावं लागलं. प्रदर्शन भरवणाऱ्या रतिलालभाऊंनी बजावलं होतं, सत्कार आईसमोरच व्हायला पाहिजे.

खरं तर सुयशला चांदीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तो सकाळी दहा ते रात्री आठ मोबाईलच्या दुकानात बसायचा. चांदीच्या बारीक तारेचं काम लिलाबाईंचं. तीस वर्षं त्यांनी सराफांसाठी घरबसल्या ते केलं होतं. दोन वर्षांपूर्वी सुयशने त्यांच्या जुन्या पैंजणांचे फोटो इंटरनेटवर टाकले, तर थेट आयर्लंडहून एका बाईने विचारलं, आमच्या गोष्टीतला मासा घडवाल का?

गोष्ट त्याने मोबाईलवर शोधली आणि संध्याकाळी आईला वाचून दाखवली. सपना चुलीपुढे होती. एका गुरूने सात वर्षं वाट पाहून ज्ञानाचा मासा धरला आणि शिष्याला भाजायला दिला. भाजताना शिष्याचा अंगठा पोळला, त्याने तो तोंडात घातला, आणि सगळं ज्ञान त्यालाच मिळालं. गुरू बिचारा बघत राहिला.

आठ दिवसांनी आईने त्याच्या हातावर मासा ठेवला. खवला न् खवला वेगळा वळलेला. आता उसळी मारेल की काय असा! मग राजाची हंस झालेली चार लेकरं आली, रणांगणावरची कावळीण आली. प्रत्येक फोटोखाली सुयशने लिहिलं, 'मी घडवलं.' पहिल्यांदा लिहिताना हात अडखळला होता. पुढे पुढे सवय झाली. मुलाखतीत तर तार किती तापवायची हेसुद्धा तो ठोकून देऊ लागला. लाज वाटायची, नाही असं नाही. पण कौतुक सुरू झालं की कुठल्या कुठे पळायची.

धुळ्याच्या सभागृहात दोनशे माणसं होती. तो पहिला मासा मागवणाऱ्या ओर्लाबाई आयर्लंडहून आल्या होत्या; त्या तिकडच्या कला महाविद्यालयात शिकवत. दागिने घडवणाऱ्याला तीन महिने तिकडे शिकवायला नेणार, असं त्यांचं पत्र आधीच आलं होतं. सुयशचा पासपोर्ट तयार होता. गल्लीत पेढेही वाटून झाले होते.

रतिलालभाऊंनी हार घातला. टाळ्या झाल्या. ओर्लाबाई इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या आणि रतिलालभाऊंनी ते अहिराणी वळणाच्या मराठीत सांगितलं, "बाईंची एकच इच्छा शे. माशाचा एक खवला वळून दाखव."

टेबलावर तार आणि चिमटा मांडलेलाच होता.

सुयशने चिमटा उचलला. तार वाकवली, ती तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. पुढच्या रांगेत कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. त्याचे कान तापले. समोर आई बसली होती, पांढऱ्या साडीत, मान खाली घालून. आपल्या पोराचं पितळ उघडं पडताना बघवत नव्हतं तिला, दुसरं काय! त्याला वाटलं, जमीन फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

त्याने माईक ओढला.

"हे मी केलेलं नाही. यातलं काहीच मी केलेलं नाही. हे माझ्या आईच्या हातचं काम आहे. मी तिचं नाव खाल्लं. मला लाज वाटते."

मग टाळ्या सुरू झाल्या, मघापेक्षा जोरात. सुयशच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आयर्लंड गेलं तर गेलं, पण छातीवरचा दगड उतरला. सपनाला फोन करून सांगायचं, बघ, सांगितलं बरं का मी. तो खाली उतरला आणि आईचा हात धरून तिला वर घेऊन आला.

ओर्लाबाईंनी लिलाबाईंना वाकून नमस्कार केला आणि चिमटा त्यांच्या हातात दिला.

लिलाबाईंनी दुसरा हात टेबलावर फिरवला. डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. तार त्यांच्या समोरच पडली होती.

"आई, ही काय, इथं आहे," सुयश हळूच म्हणाला.

त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"सुयश, माले दिसत नही रे. तीन साल झायात. डोया गयात तं घरमा मन्ही काय किंमत ऱ्हाई, म्हनीसन तिले काम शिकाडं नि मीच तिले चूप बसाडं."

"कोणाला, आई?"

"सपनाले. पहिला मासाबी मी नही, तिनंच करेल शे."