खासनीस सरांची कवळी

साठीला टेकता टेकता वत्सलाबाई हुपरीकरांना विद्यापीठात नोकरी लागली, आणि पहिल्याच तासाला शिपाई वाटीतल्या पाण्यात खासनीस सरांची कवळी घेऊन आला. सर नुकतेच वारले होते.

"अहो, धुतलीय का तरी?" बाईंनी नाकाला पदर लावला.

"धुण्यात पाणी वाया जातं, बाई."

त्या विद्यापीठात काहीच वाया घालवत नसत. सरांची सगळी व्याख्यानं कवळीत मुरलेली. तोंडात घातली की ती आपोआप बोलायची. दातांच्या फटीत सुपारीचं खांड अजून तसंच होतं. बाईंनी आयुष्यभर मुंग्यांचा अभ्यास केलेला, तो शिकवायचा होता. पण कुलगुरू दारातच उभे. कवळी घातली तरच नोकरी पक्की.

बाईंचे दात केव्हाच पडलेले. डोळे मिटून त्यांनी ती घातली. गार, बुळबुळीत! तोंड आपलं आपण सुरू झालं. सरांचा जुना विनोद आला, तो पोरांनीच पुरा केला. तेवढ्यात सुपारी जिभेवर आली.

"आऽऽक थू!"

कवळी फरशीवर. शिपाई तर वाटीतलं पाणी कुंडीला घालायला गेलेला.

"अहो, वाळली की व्याख्यानं गेली!" कुलगुरू धावले. स्वतःची कवळी खिशात टाकून त्यांनी ती लाळेसकट तोंडात कोंबली आणि बाईंवर बोट रोखलं. "बाई, तुम्हाला आत्ताच्या आत्ता... तर मुलांनो, आज बेडकाचं पोट..."

पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा बेडूक. काढावी तर वाळणार!

बाईंनी पदरानं ओठ पुसले आणि बोळक्या तोंडानं मुंग्या शिकवायला घेतल्या.