बाबांच्या खांबाचा रंग

"रंग कोणता लावू?" गेर्गेयकाकांनी विचारलं आणि माझ्याकडे न पाहता बाबांचा ओकचा खांब कुशीवर वळवला.

तिसा नदीकाठच्या आमच्या हंगेरियन गावात थडग्यावर दगड नसतो, कोरलेला लाकडी खांब असतो. आजाराने किंवा वयाने गेलेल्याचा काळा, मारल्या गेलेल्याचा लाल.

सरकारविरुद्धचा उठाव चिरडल्यावर बाबांना पोलीस चौकीवर नेलं होतं. परत आली ती खिळे ठोकलेली पेटी. हृदय बंद पडलं, असं अधिकाऱ्याने सांगितलं. घरी आणून आम्ही ती उघडली होती.

"लाल," मी म्हणाले.

"काळा," दारातून आई म्हणाली. "ते लोक दफनाला येणार आहेत. तुझा भाऊ अजून त्यांच्याच कोठडीत आहे."

"आई, तू बाबांचं डोकं पाहिलंयस ना?"

"शेवटची अंघोळ मीच घातली त्यांना. मला नको सांगूस."

काकांनी काळ्या रंगाचा डबा उघडला. आईने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं.

"आधी लाल लावा, चांगला जाड. तो वाळला की वरून काळा. पण काळा पातळ असू दे. दोन-तीन हिवाळ्यांत निघून जायला हवा."

रंग पातळ करायला काका काळ्याच्या डब्यात टर्पेंटाइन ओतू लागले. "आणि तोवर पोरगा सुटला नाही तर, वहिनी?"

आईने डोक्यावरचा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधला.

"तर पुन्हा काळा लावायला मीच येईन."