मागच्या दारावरचा दिवा

"उपटूनच टाकतो आता," म्हातारा म्हणाला आणि खुरपं घेऊन वाफ्याशी बसला.

स्वयंपाकघराच्या खिडकीआड त्याची बायको भांडी विसळत होती. तिला बरंच वाटलं. दोन शेवंत्यांचा संकर करून त्याने हे नवं रोप तयार केलं होतं. तीन हंगाम झाले. पानं दाट, खोड जाडजूड, पण कळीचा पत्ता नाही. फुलाचा रंग कोणता, हे अजून त्यालाही ठाऊक नव्हतं. तरुण मुलगा घर सोडून गेला आणि हा माणूस रोपाच्या मुळाशी माती ओढत बसला. मुलाचं नाव त्यानंतर एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही. काळजाच्या जागी शेणखत भरलंय, असं ती त्याला तोंडावर म्हणायची. तो ऐकून घ्यायचा.

मुलगा भांडून मागच्या दाराने गेला होता. त्या रात्रीपासून त्या दारावरचा दिवा ती रोज तिन्हीसांजेला लावायची आणि उजाडल्यावरच बंद करायची. इतक्या वर्षांत तो बल्ब एकदाही गेला नव्हता. हीच खूण, असं तिने मनाशी धरलं होतं. पोरगा येणार आहे, म्हणूनच हा टिकलाय.

"शेवंती कसली, कोबी लावलायस तू!" वाफ्याशी उभा असलेला त्याचा रोपवाटिकावाला मित्र हसला. मग त्याची नजर दारावरच्या दिव्याकडे गेली. "अरे, हा रात्रभर चालू असतो? शेवंतीला लांबलचक काळोखी रात्र लागते, तेव्हा कुठे ती कळी धरते. हे मी तुला सांगायचं?"

"नको सांगूस."

"मग काळं कापड तरी टाकायचंस वरून. नाहीतर एक फुटवा मला द्यायचास. माझ्याकडे फुलला असता."

"फुलला असता, की हिने विचारलं असतं, इतके दिवस इथे का नाही फुलला?" म्हातारा आवाज खाली आणून म्हणाला. "आणि मग दिवा बंद केला असता तिने."

तिच्या हातातलं पातेलं भरलं आणि नळाखाली तसंच वाहत राहिलं.

म्हाताऱ्याने खुरपं मातीत खुपसलं.

"अहो," ती खिडकीतून म्हणाली, "आजचा दिवस राहू द्या ते. चहा टाकते."

मित्र चहा पिऊन गेला. तिन्हीसांज झाली. तिने दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग काढून घेतलं आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. अंगण काळोखात बुडालं. आधी वाफा दिसेनासा झाला, मग फाटक, मग फाटकापलीकडची वाट. आता पोरगा आला तर ठेचकाळेल, एवढंच तिच्या मनात आलं. तिने तोंडावर हात दाबून धरला.

आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला. म्हातारा दारात आला, चाचपडत स्टुलावर चढला. शर्टाच्या खिशातून त्याने नवा बल्ब काढला. पायरीवर बसलेली ती त्याला अंधारात दिसलीच नाही.

"हा बाकीच्यांपेक्षा लवकर उडाला," तो स्वतःशीच पुटपुटला.