कपाटाखालची फरशी

"कपाट हलवायचं नाही!" असं म्हणून आजोबा स्वयंपाकघरातल्या त्या अवजड कपाटाला पाठ टेकून उभे राहिले.

फरशी तपासायला आलेल्या बाईंनी मास्क हनुवटीवर ओढला. "अहो आजोबा, तुकडा काढला की तिथे खड्डा दिसतो. म्हणून आम्ही झाकलेली जागा बघतो. कपाटाखालची जागा उत्तम."

"मधोमध काढा. अगदी दारासमोर काढा. माझी हरकत नाही."

मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत राहिले. या फरशीवर नुसतं पातेलं पडलं तरी आजोबांच्या काळजात धस्स व्हायचं.

मागच्याच रविवारी मुलगा ही जुनी फरशी उखडायला हातोडा घेऊन बसला होता. सुनेने तो हातातून काढून घेतला. जुन्या काळच्या अशा पातळ, प्लॅस्टिकसारख्या फरश्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. फरशी शाबूत आहे तोवर सहसा भीती नाही. पण फोडली तर बारीक धूळ उडते, श्वासाबरोबर छातीत शिरते आणि तिथेच ठाण मांडून बसते. घरात रांगणारं मूल. तपासणीत काही निघालं नाही तरच हातोडा, असं ठरलं.

आजोबांचं दुखणं मात्र वेगळंच होतं. लग्न नवीन असताना बायको माहेरी गेली होती, तेव्हा तिला चकित करायला त्यांनी ही हिरवी फरशी स्वतःच्या हातांनी बसवली. काम झकास झालं. फक्त कोपऱ्यात चार फरश्या कमी पडल्या. दुकानदाराने हात वर केले. बायको तर दुसऱ्या दिवशी येणार! आजोबांनी उघड्या सिमेंटवर कपाट सरकवलं आणि वेळ मारून नेली. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी फरशी दाखवली जायची. "सगळी मी बसवली. एकसुद्धा कमी पडली नाही!" आज सगळ्यांसमोर त्यांचं पितळ उघडं पडणार होतं.

"मीही तेच म्हणते," आजी अचानक बोलल्या. "कपाट राहू दे जागेवर."

आजोबा चकित झाले. चहात साखर किती इथपासून खिडकी उघडी की बंद इथपर्यंत, या बाईने जन्मात कधी त्यांची री ओढली नव्हती.

"तुमचं दोघांचं एकमत? मग नक्कीच पाणी मुरतंय कुठेतरी," मुलगा हसला. त्याने बाह्या सरसावल्या. सुनेने आधी नातीला बाहेर शेजारणीकडे दिलं आणि परत येऊन कपाटाला हात लावला. ओरखडा पडू नये म्हणून बाईंनी कपाटाच्या पायांखाली जुनी चादर सारली. एक, दोन आणि कपाट सरकलं.

आजोबांनी डोळे गच्च मिटून घेतले. आता हशा पिकणार.

हशा पिकला नाही. त्यांनी एक डोळा किलकिला केला. मग दुसरा. कोपऱ्यात फरशी होती. हिरवी. चारही तुकडे जागच्या जागी! आजोबांनी आपल्या हातांकडे पाहिलं, पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं. काही कळेना. पण समोर चालून आलेलं श्रेय सोडतील तर ते आजोबा कसले?

"बघा!" छाती फुगवून ते म्हणाले. "मी काय सांगत होतो? एकसुद्धा कमी पडली नाही!"

बाईंनी मास्क चढवला, फरशीवर पाण्याचा फवारा मारला आणि पातं टेकवलं. आजींनी नवऱ्याच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाहेरून नातीचं खिदळणं ऐकू आलं. त्यांचा जीव दोन्हीकडे ओढला गेला, पण क्षणभरच.

"थांबा! तिथली नका काढू. ती ह्यांची नाही. त्या चार मी बसवल्यात."

आजोबांच्या छातीतली हवा गेली.

"हे गावाला गेले होते तेव्हा," आजी पदराशी चाळा करत म्हणाल्या. "चमचा कपाटाखाली गेला म्हणून मी आणि शेजारणीने कपाट ओढलं, तर खाली नुसतं सिमेंट. मग रंगाला रंग जुळवून नव्या आणल्या. त्या ह्यांच्यासारख्या नाहीत हो. माझ्या चारांत काही निघालं नाही, तर तुम्ही बाकीची सगळी फोडाल, आणि पोरगी त्या धुळीत रांगेल."

बाईंनी पातं उचललं. मग दोन्हीकडून वेगवेगळे तुकडे काढले, वेगवेगळ्या पिशव्यांत घातले आणि कापलेली जागा नीट बंद केली.

"तुला ठाऊक होतं?" आजोबा हळूच म्हणाले. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती रंगवून सांगायचात! मला आवडायचं ऐकायला."

तपासणीचा निकाल आला. आजोबांच्या फरशीत ॲस्बेस्टॉस निघालं, आजींच्या चार तुकड्यांत नाही. फोडू नका, वरून झाका, असा सल्ला मिळाला. हातोडा माळ्यावर गेला. जुन्या फरशीवर नवी फरशी बसली आणि नात तिच्यावर सुसाट रांगू लागली. नव्या फरशीच्या कारागिराने शेवटी कोपरा झाकायला घेतला, तेव्हा आजोबा आडवे आले. तेवढी जागा उघडी ठेवायला लावली आणि कपाट कायमचं दुसऱ्या भिंतीला हलवलं.

आता पाहुणे आले की चहा थांबतो. आजोबा त्यांना थेट कोपऱ्यात नेतात.

"ही फरशी हिने बसवली," ते सांगतात. "माझ्या चार कमी पडल्या होत्या."