पेमाच्या लॉजमध्ये

गेल्या वर्षी नेपाळमध्ये ट्रेक करताना हृषीकेश हिमस्खलनात गेला. त्याच्या आईला, सरोजिनीबाईंना, तेव्हापासून रडूच आलं नव्हतं. आज त्याच डोंगरातल्या मंदिरात त्यांनी हात जोडले. मागावंसं काहीच वाटलं नाही.

खालच्या लॉजमध्ये मालकीण पेमानं चहा दिला. हृषीकेश शेवटचं इथेच जेवला होता.

“हवा खराब असताना गाइडनं त्याला वर नेलंच कसं?” सरोजिनीबाईंनी कोरड्या आवाजात विचारलं.

पेमानं किटली खाली ठेवली. “नाही नेलं, दीदी. तुमचा मुलगा ऐकेना, एकटाच निघाला. म्हणून त्याचा गाइड, माझा नवरा, मागोमाग गेला.” तिनं बर्फाकडे बोट दाखवलं. “दोघंही तिथेच आहेत.”

गाइडचं काय झालं, हे सरोजिनीबाईंनी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. आताही रडू आलं नाही. त्या उठून पेमाशेजारी बसल्या.

“नाव काय होतं त्यांचं?”