काकांचं चीज

टस्कनीतल्या आमच्या मळ्यावर वाइन चाखायला आलेल्या पाहुण्यांत आज ग्वाल्तिएरोकाकाही येऊन बसले. वाटणीत द्राक्षं बाबांकडे आली, चीजच्या दुधासाठीच्या मेंढ्या काकांकडे गेल्या, तेव्हापासून भावाभावांत अबोला होता. बाबांना जाऊन महिना झाला होता.

मी सगळ्यांचे पेले भरले, शेजारी चीजचे तुकडे ठेवले. काकांनी एक तोंडात टाकला.

“हे माझ्या हातचं.”

“रागावू नका, काका. बाबा दुकानातून गुपचूप आणायचे. या वाइनबरोबर त्यांना दुसरं चीज चालायचंच नाही. तुम्हाला कळलं तर बंद कराल, अशी भीती वाटायची त्यांना.”

“वेडा कुठला! दुकानदारानं मला कधीच सांगितलं होतं, नीवेस. सगळ्यात मुरलेलं मी तुझ्या बाबासाठीच काढून द्यायचो.”

मग पेला हातात धरून त्यांनी नवख्या पाहुण्यासारखं विचारलं, “आधी काय घ्यायचं गं? चीज की वाइन?”