ओढ्याकाठचं मचाण

नळीत गोळी सरकवणारा रायफलचा बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला की दोन आवाज होतात. पहिला घासल्याचा, दुसरा बसल्याचा. ऑरिनने डोळे मिटून दोन्ही ऐकले, रायफल काउंटरवर ठेवली आणि पुढची मागितली.

"दाजी, रायफल घेताय की पियानो?" डेल्मरने विचारलं.

ऑरिन नुसता हसला. चाळीस वर्षं तो उत्तर विस्कॉन्सिनमधल्या शाळांचे आणि चर्चचे पियानो सुरात लावत आला होता. कानाने पारखणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. बंदुकांच्या या दुकानात शिरताना त्याने ‘ताज्या’ म्हणून विकायला ठेवलेल्या चीजच्या कवड्या घेतल्या होत्या. त्यातली एक चावून तो म्हणाला, "कालच्या आहेत. ताज्या कवड्या दाताखाली वाजतात, या वाजत नाहीत."

डेल्मरला चीजचं काही पडलेलं नव्हतं. आज गुरुवार होता आणि शनिवारी पहाटे हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा मोसम सुरू होणार होता.

त्यांच्या शिकारीच्या केबिनची एक रीत होती. ज्याचा नेम चुकेल त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापायचं आणि भिंतीवर खिळ्याने ठोकायचं. गोळी झाडायच्या आत हरीण पळालं, तर तो हरणाचा शहाणपणा, सदरा शाबूत. भिंतीवरचे निम्मे तुकडे ऑरिनचे होते आणि त्यावरून सगळे पोटभर हसत. पण लागोपाठ तीन मोसम नेम चुकला, तर मचाण सोडायचं आणि पुढे कायम स्वयंपाक सांभाळायचा, असा डेल्मरच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता.

आजवर नशीब ऑरिनच्या बाजूने होतं. दोन वर्षं नेम चुकला की तिसऱ्या वर्षी त्याच्या बाजूला हरीण फिरकायचंच नाही. आता पुन्हा दोन वर्षं भरली होती. वडिलांच्या मागे केबिनचा कारभार डेल्मरकडे आला होता. तेव्हा यंदा काही झालं, तर दाजींना ओढ्याकाठच्या मचाणावरून उतरवायचं काम त्यालाच करावं लागणार होतं. वर्षभर ऑरिन त्या नऊ दिवसांची वाट बघतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डेल्मरच्या थोरल्या बहिणीने, वर्नाने, फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "माझ्या नवऱ्याचं मचाण गेलं, तर थँक्सगिव्हिंगला माझ्याकडे जेवायला यायचं नाही."

म्हणून डेल्मरने दोन गोष्टी केल्या होत्या. स्वतःचं मचाण हलवून ओढ्याच्या बरोबर पलीकडे बांधलं होतं, म्हणजे हरीण आलं की दाजींना खूण करता येईल. आणि सगळ्यांनी मिळून दाजींना नवी रायफल द्यायची, हे पक्कं केलं होतं. खरं तर ती तीन वर्षांपासून द्यायची होती, पण ऑरिनची निवडच होत नव्हती. कधी वजन जास्त वाटे, कधी दस्ता आखूड.

"जुनीला काय झालं?" दुकानाची मालकीण अर्लिस हिने विचारलं.

"सासऱ्यांची आहे ती," ऑरिन म्हणाला. "घासून घासून बोल्ट लोण्यासारखा सरकतो. आवाज म्हणून येत नाही."

"आणि नळी वाकडी असणार," डेल्मर म्हणाला. "नाहीतर माणूस इतक्या वेळा चुकेल कसा?"

दुकानामागे नेमबाजीची जागा होती. अर्लिसने पहिली रायफल ऑरिनच्या हातात दिली. शंभर पावलांवर कागद होता. ऑरिनने सावकाश तीन गोळ्या झाडल्या. अर्लिसने कागद आणून त्यावर एक नाणं ठेवलं. तिन्ही भोकं झाकली गेली.

"बघा, मी म्हणत होतो ना, दोष जुन्या रायफलचाच," डेल्मर खुलून म्हणाला.

अर्लिस रायफलकडे नाही, ऑरिनकडे बघत होती. "कागदावर छान जमतं तुम्हाला," ती म्हणाली.

"कागदाचं बरं असतं," ऑरिन म्हणाला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफलनेही तेच झालं. तिघं पुन्हा काउंटरपाशी आली. डेल्मरला समोर घड्याळ दिसत होतं आणि मनात वर्ना. "दाजी, आता तरी एकीवर बोट ठेवा."

"तिन्हींचा नेम सारखाच आहे," ऑरिन म्हणाला. "फरक आवाजाचा."

"तो महत्त्वाचा आहेच," डेल्मरने अर्लिसला समजावलं. "आमच्यात मचाणावरसुद्धा नळीत गोळी भरून बसत नाहीत. हरीण दिसलं की मगच बोल्ट ओढायचा. बाबांचा नियम."

"मग तिसरी घ्या," अर्लिसने लगेच सांगितलं. "तिचा बोल्ट तुमच्या स्वतःच्या कानालाही जेमतेम ऐकू येईल."

"मीही तेच म्हणतो. बांधा तिसरी," डेल्मर म्हणाला.

ऑरिनने एक कवडी तोंडात टाकली. मग त्याने पहिली रायफल पुन्हा उचलली, बोल्ट ओढला, ढकलला. मागच्या फडताळावरच्या काचा किणकिणल्या.

"ही ओढ्यापलीकडे ऐकू जाईल?"

"त्याचीच तर भीती," अर्लिस म्हणाली. "ही तिथे नेऊ नका. हरीण मान वर करेल आणि तुम्ही गाल दस्त्याला लावेपर्यंत शेपटी उभारून पसार होईल."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि डेल्मर पलीकडून बघत असेल, त्यालाही ऐकू जाईल? म्हणजे मी बोल्ट ओढल्याचं?"

"त्याला काय, केबिनमध्ये भांडी घासणाऱ्यालाही ऐकू जाईल."

ऑरिनने पहिली रायफल अलगद काउंटरवर ठेवली आणि ती अर्लिसकडे सरकवली.

"हीच द्या," तो म्हणाला.